आकाशाची साक्ष आणि आपली उलटतपासणी

१० एप्रिल २०१९ रोजी काळ्या पार्श्वभूमीवरचे नारिंगी रंगाचे एक धूसर कडे जगभरच्या दूरचित्रवाणी पडद्यांवर झळकले आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. मेसिये ८७ नावाच्या दीर्घिकेच्या मध्यभागी असलेल्या कृष्णविवराचे ते चित्र होते. ‘कृष्णविवराचा पहिला फोटो’ असे मथळे सगळीकडे सजले. त्यानंतर आपल्याकडे जे नेहमी होते तेच झाले. एका बाजूने ‘हे आमच्या ग्रंथांत हजारो वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे’ असे सांगणारे पुढे सरसावले. दुसऱ्या बाजूने ‘हे सगळे थोतांड आहे, संगणकावर काढलेले चित्र आहे’ म्हणणारेही निघाले. वाचकहो, या दोन्ही मंडळींचे एका बाबतीत एकमत आहे. दोघांनाही पुरावा तपासायचा नाही!

वकिलीत रोज पुराव्याशी गाठ पडते. समोरचा माणूस कितीही मोठा असो, ‘मी सांगतो म्हणून खरे’ हे वाक्य न्यायालयात चालत नाही. कोणी पाहिले, कुठून पाहिले, किती वाजता पाहिले, मध्ये काही आड येत होते का, असे प्रश्न विचारल्याशिवाय साक्ष पूर्ण होत नाही. हेच प्रश्न आकाशालाही विचारता येतात. ते विचारण्याची एक पद्धत गेल्या आठ दशकांत माणसाने घडवली आहे. तिचे नाव रेडिओ व्यतिकरणमिती, इंग्रजीतून आलेल्या रूढ शब्दात इंटरफेरोमेट्री. नाव जड आहे, पण पद्धत साधी आहे. ती समजून घेणे हे केवळ खगोलशास्त्रज्ञांचे काम आहे, असे मानण्याचे कारण नाही. या पद्धतीची जगातील एक मोठी दुर्बीण आपल्याच जुन्नर तालुक्यात, खोडदच्या माळावर उभी आहे. ती जनतेच्या पैशातून उभी राहिली आहे आणि तिच्याभोवती आज जमिनीवरचे आणि आकाशातले असे दोन्ही वाद उभे आहेत. म्हणून हा लेख.

आधी अडचण काय होती ते पाहू. आकाशातून केवळ प्रकाश येत नाही, रेडिओ लहरीही येतात. अमेरिकेतील कार्ल जान्स्की या अभियंत्याने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आकाशगंगेकडून येणाऱ्या रेडिओ लहरी प्रथम पकडल्या. पण नेमक्या कोठून येतात, हे सांगणे कठीण होते. दुर्बिणीला किती बारीक दिसावे हे दोन गोष्टींवर ठरते. लहर जितकी लांब तितके चित्र अंधुक आणि दुर्बीण जितकी रुंद तितके चित्र स्पष्ट. प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी असते. हायड्रोजनची प्रसिद्ध रेडिओ लहर २१ सेंटिमीटरची, म्हणजे प्रकाशाच्या चार लाख पट लांब. आपला उघडा डोळा जेवढे बारीक पाहतो तेवढे या लहरीवर पाहायचे असेल तर सुमारे ७०० मीटर रुंदीची तबकडी लागेल. फिरवता येणारी सर्वांत मोठी तबकडी आजही १०० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे प्रचंड खर्च करून उभारलेले अवाढव्य यंत्र एकटे असेल, तर साध्या डोळ्यापेक्षाही अधू!

या कोंडीतून सुटका कशी झाली? यंत्र आणखी मोठे करून नव्हे. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन लहान यंत्रांच्या साक्षी जुळवून ही सुटका झाली. एकच लहर दोन तबकड्यांवर पोहोचते, पण दोन्हीकडे नेमकी एकाच क्षणी नाही. एकीकडे किंचित आधी, दुसरीकडे किंचित नंतर. हा फरक मोजला आणि दोन्ही नोंदी एकमेकींवर ठेवून पाहिल्या, की लहर कोणत्या दिशेने आली आणि तिचा उगम बिंदूएवढा आहे की पसरलेला आहे, हे कळू लागते. महत्त्व तबकडीच्या आकाराला नाही, दोन तबकड्यांमधल्या अंतराला आहे. अंतर जेवढे लांब तेवढा तपशील बारीक. पृथ्वी फिरते तशी त्या जोडीची दिशाही आकाशाच्या दृष्टीने बदलत जाते, म्हणजे तोच साक्षीदार रात्रभर वेगवेगळ्या जागांवर उभा राहून साक्ष देतो. अशा अनेक जोड्यांच्या नोंदी गणिताने एकत्र केल्या की चित्र तयार होते. हे चित्र तयार करण्याच्या कामासाठी ब्रिटनच्या मार्टिन राईल यांना १९७४ च्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला.

पण इतिहास नोबेलपासून सुरू होत नाही. १९४६ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या डोव्हर हाइट्स या समुद्रकाठच्या कड्यावर एकच अँटेना होता. सूर्य उगवताना त्याच्या लहरी थेट अँटेनावर येत आणि समुद्राच्या पाण्यावरून परावर्तित होऊनही येत. म्हणजे समुद्र हाच दुसरा अँटेना झाला! या युक्तीने सूर्यावरचे रेडिओ स्फोट सौरडागांच्या भागातून येतात हे दाखवणाऱ्या चमूत रूबी पेन-स्कॉट ही तरुण शास्त्रज्ञ आघाडीवर होती. अशा नोंदी गणिताने जुळवून संपूर्ण चित्र बनवता येईल, ही कल्पना तिच्या चमूच्या १९४७ च्या निबंधात आहे. या बाईचे पुढे काय झाले? ऑस्ट्रेलियाच्या सरकारी नोकरीत विवाहित स्त्रीला कायम पद ठेवता येत नव्हते. तिने १९४४ मध्ये लग्न केले आणि ते लपवले. १९५० मध्ये ते उघड झाले आणि तिचे कायमपण गेले. १९५१ मध्ये तिने मूल होण्याआधी नोकरी सोडली. ती त्या विज्ञानात पुन्हा परतली नाही. तो नियम रद्द व्हायला १९६६ उजाडले. बुद्धी कमी नव्हती, काम कमी नव्हते, नियमाने दार बंद केले. ज्यांना दार बंद होणे म्हणजे काय हे ठाऊक आहे, त्यांना यावर अधिक भाष्याची गरज नाही.

दुसरी नोंद आपल्या देशाशी जोडलेली आहे. हंस तारकासमूहातील ‘सिग्नस ए’ हा आकाशातील अत्यंत प्रखर रेडिओ स्रोत. तो एखादा विलक्षण तारा असेल, गोल तबकडीसारखा दिसेल, अशी अटकळ होती. इंग्लंडमधील जॉड्रेल बँक वेधशाळेत रॉजर जेनिसन आणि बंगालचे मृणाल कुमार दासगुप्ता या दोन तरुणांनी किलोमीटरच्या अंतरावर अँटेना ठेवून त्याची मोजणी केली. १९५३ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. स्रोत एक नव्हे, दोन! मधोमध एक अंधुक दीर्घिका आणि तिच्या दोन्ही बाजूंना दूरवर रेडिओ लहरी फेकणारे दोन प्रचंड ढग. ही दीर्घिका सुमारे ७५ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. मधल्या कृष्णविवराजवळून निघणारे दोन झोत हे ढग पोसतात, हे पुढच्या काळात स्पष्ट झाले. म्हणजे ‘रेडिओ दीर्घिकेला दोन पंख असतात’ हे आज पाठ्यपुस्तकात एका ओळीत येणारे सत्य जगापुढे प्रथम मांडणाऱ्या दोघांपैकी एक भारतीय होता. किती पदवीधरांना दासगुप्तांचे नाव ठाऊक आहे?

याच जेनिसन यांनी पुढे एक अशी युक्ती मांडली, जी प्रत्येक वकिलाने समजून घ्यावी. साक्षीदाराचे घड्याळ चुकीचे असेल तर काय करायचे? प्रत्येक दुर्बिणीवरची हवा वेगळी, तिच्यातली वाफ वेगळी. त्यामुळे लहर थोडी उशिरा पोहोचते आणि नोंद बिघडते. दोनच साक्षीदार असतील तर चूक कोणाची हे सांगता येत नाही. पण तीन घ्या. पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक, दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक, तिसऱ्या आणि पहिल्यातला फरक, या तिन्हींची बेरीज करा. पहिल्याची चूक एकदा अधिक आणि एकदा उणे येते आणि नाहीशी होते. दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचेही तसेच. बेरीज शून्य आली तर आकाशातली ती वस्तू त्या दुर्बिणींना नुसता बिंदू किंवा सममित आकाराची दिसते आहे. शून्य आली नाही तर तिला काही रचना आहे. सगळ्या साक्षीदारांची घड्याळे चुकीची असूनही सत्य हाती लागते, कारण चुका लपवल्या नाहीत, एकमेकींसमोर उभ्या केल्या!

आता अंतर वाढवायचे होते. तारेने जोडलेल्या दुर्बिणी किती दूर नेणार? १९६० च्या दशकात त्यावर उत्तर सापडले. तार काढून टाका. प्रत्येक ठिकाणी अचूक अणुघड्याळ ठेवा, लहरींची नोंद चुंबकीय फितीवर करा, फिती एका जागी आणा आणि तेथे जुळवा. १९६७ च्या वसंतात कॅनडात ३००० किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या दोन दुर्बिणींची अशी जुळणी यशस्वी झाली. अमेरिकेतील चमूही त्याच वर्षी यशस्वी झाले. पुढे खंड ओलांडले गेले. १९९३ मध्ये हवाईपासून कॅरिबियन बेटांपर्यंत दहा दुर्बिणींची कायमची साखळी पूर्ण झाली. जपानने १९९७ मध्ये आणि रशियाने २०११ मध्ये दुर्बीण थेट अवकाशात पाठवून अंतर पृथ्वीबाहेर नेले. यालाच अतिदीर्घ अंतराची इंटरफेरोमेट्री म्हणतात.

या पद्धतीने काय दाखवले? जे स्रोत ताऱ्यासारखे ठिपके वाटत होते आणि १९६३ मध्ये कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असल्याचे सिद्ध झाले, त्या क्वेसारांच्या पोटात डोकावता आले. त्यांच्या गाभ्यातून गाठी-गाठींचे झोत बाहेर पडताना दिसले. १९७१ मध्ये तर धक्काच बसला. दोन क्वेसारांमधले भाग प्रकाशापेक्षा जास्त वेगाने एकमेकांपासून दूर जाताना दिसले! आईन्स्टाईन चुकला की काय? शास्त्रज्ञांनी उलटतपासणी केली. झोत जवळजवळ आपल्या दिशेनेच येत असेल, तर तो स्वतःच्याच प्रकाशाचा पाठलाग करत येतो आणि त्यामुळे वेग फुगलेला दिसतो. मार्टिन रीस यांनी १९६६ मध्येच ही शक्यता वर्तवली होती. साक्षीदार खोटा नव्हता. त्याच्या उभे राहण्याचा कोन आपण विचारला नव्हता. साक्ष फेटाळण्यापूर्वी कोन विचारावा, हा धडा केवळ आकाशापुरता नाही.

आता पुन्हा २०१९ च्या त्या चित्राकडे येऊ. ते कडे आकाशात किती मोठे दिसते? एका अंश कोनाचे ३६०० भाग केले की एक सेकंद होतो. त्या सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी केवळ ४२ भाग. व्यवहारातला हिशेब सांगायचा तर चंद्रावर ठेवलेली आठ सेंटिमीटरची एक पुरी पृथ्वीवरून दिसावी, तेवढे! एप्रिल २०१७ मधल्या त्या निरीक्षण मोहिमेत चिली, स्पेन, मेक्सिको, हवाई, ॲरिझोना आणि दक्षिण ध्रुव अशा सहा ठिकाणच्या आठ दुर्बिणी होत्या. नोंदी इतक्या प्रचंड होत्या की त्या इंटरनेटवरून पाठवणे शक्य नव्हते. हार्ड डिस्कच्या पेट्या विमानाने अमेरिकेत आणि जर्मनीत नेल्या. दक्षिण ध्रुवाच्या पेट्यांना तर तिथला हिवाळा संपून विमाने सुरू होईपर्यंत अनेक महिने थांबावे लागले. मुद्देमाल आल्याशिवाय निकाल नाही, हे पथ्य तिथेही पाळले गेले.

त्याहून महत्त्वाचे पथ्य पुढे आहे. चित्र बनवणाऱ्या शास्त्रज्ञांचे चार वेगळे गट केले गेले. एका गटाने दुसऱ्याशी बोलायचे नाही, चित्र दाखवायचे नाही. का? माणसाला जे पाहण्याची इच्छा असते तेच त्याला दिसते, ही भीती त्यांना स्वतःबद्दलच होती. चारही गटांनी शेवटी आपापली चित्रे समोर ठेवली आणि चौघांचेही कडेच निघाले. त्यानंतरही खोट्या, मुद्दाम बनवलेल्या नोंदी घालून पाहिल्या. कडे नसताना आपली पद्धत कडे काढते का, याची चाचणी घेतली. मग जाहीर केले. साडेसहा अब्ज सूर्यांच्या वजनाचे कृष्णविवर, साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर. १२ मे २०२२ रोजी आपल्या आकाशगंगेच्या मध्यातील कृष्णविवराचे चित्रही आले.

आणि वाद संपला का? नाही! मूळ नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या होत्या. २०२२ मध्ये जपानच्या काही संशोधकांनी त्याच नोंदी घेऊन सांगितले की कडे हे पद्धतीतून आलेला भास असू शकते. मूळ चमूने त्यांना देशद्रोही ठरवले नाही, त्यांच्यावर मोर्चे नेले नाहीत. त्यांनी लेखी उत्तर दिले. इतर स्वतंत्र गटांनीही नोंदी तपासल्या आणि त्यांना कडे मिळाले. आज बहुतेक तज्ज्ञ कड्याच्या बाजूने आहेत, पण आक्षेप नोंदीवर आहे आणि कोणीही तो तपासू शकतो.

‘हे आमच्या ग्रंथात होतेच’ म्हणणाऱ्यांना म्हणूनच साधे प्रश्न विचारले पाहिजेत. तुमची नोंद कोणती? ती खुली आहे का? तुमच्याशी न बोलता दुसऱ्या कोणी ती तपासून तोच निष्कर्ष काढला का? चूक ठरण्याची तुमची तयारी आहे का? आणि ‘संगणकाने काढलेले थोतांड’ म्हणणाऱ्यांनाही हेच प्रश्न. ते चित्र फोटो नाही, हे खरेच आहे. पण ते कल्पनाचित्रही नाही. ते सिद्ध झालेले अनुमान आहे. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पूर्ण असेल, तर प्रत्यक्ष पाहणारा कोणी नसतानाही न्यायालय निकाल देते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि जिज्ञासा यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. दृष्टिकोन म्हणजे चमत्कार पाठ करणे नव्हे, साक्ष तपासायला शिकणे.

आता आपल्या घराकडे वळू. गोविंद स्वरूप हे तरुण शास्त्रज्ञ १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात शिकायला गेले. तेथे वापरातून निघालेल्या सहा फुटी ३२ तबकड्या भारताला भेट म्हणून मिळाल्या. १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याणला त्या ओळीने उभ्या राहिल्या आणि सूर्याचा अभ्यास सुरू झाला. दुसऱ्याने टाकून दिलेल्या सामानातून या देशातील रेडिओ इंटरफेरोमेट्रीची सुरुवात आपल्या ठाणे जिल्ह्यात झाली. १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण आली. आणि मग खोडद. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतील १४ मध्यभागी आणि १६ तीन भुजांवर, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात, म्हणजे एकाच वेळी ४३५ जोडसाक्षी! परदेशी आराखडा परवडणारा नव्हता. म्हणून भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांवर बारीक पोलादी तारांची जाळी बसवली. वजन घटले, वारा आरपार जाऊ लागला, खर्च उतरला. ही जीएमआरटी २००१ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. तिच्यावर वेळ हवा असेल तर जगातील कोणताही शास्त्रज्ञ अर्ज करू शकतो. निवड प्रस्तावाच्या गुणवत्तेवर होते. ७ सप्टेंबर २०२० रोजी स्वरूप गेले, पण यंत्र चालू आहे. २०२० मध्ये नागधारी तारकासमूहातील दीर्घिकांच्या समूहात घडलेल्या एका महाप्रचंड स्फोटाची जुनी खूण जगाला दिसली, त्या पुराव्यात जीएमआरटीच्या नोंदी होत्या.

पण या यंत्राला एक गोष्ट लागते, ती म्हणजे शांतता. कानाची नव्हे, रेडिओची. चंद्रावर एखादा मोबाइल चालू ठेवला तर तो पृथ्वीवरून दिसणाऱ्या सर्वांत तेजस्वी रेडिओ स्रोतांपैकी एक ठरेल. मग खोडदच्या शेजारचा मनोरा, कारखाना, ठिणग्या उडवणारी विजेची तार काय करील? म्हणून त्या परिसरात बंधने आहेत. आणि येथेच प्रश्न जमिनीवर येतो. पुणे-नाशिक रेल्वे ही जुन्नर, आंबेगाव, संगमनेरच्या लोकांची कित्येक दशकांची मागणी. नियोजित मार्ग दुर्बिणीच्या परिसरातून जातो, म्हणून तो बदलावा लागेल, असे २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी सांगितले. लोक संतापले. ‘आकाशातल्या गोष्टींसाठी आमची रेल्वे का घालवता?’ हा त्यांचा सवाल आहे. त्याची टिंगल करण्याचा अधिकार शहरात बसलेल्या कोणालाही नाही. कांदा-टोमॅटो पिकवणाऱ्याला बाजार गाठायचा आहे, त्याच्या पोराला नोकरीला जायचे आहे.

माझे मत स्पष्ट आहे. दुर्बीण हलवता येत नाही, मार्ग हलवता येतो. २५ किलोमीटरवर पसरलेले आणि जगाने वाखाणलेले यंत्र एकदा बहिरे झाले की ते परत ऐकणार नाही. म्हणून तिचे संरक्षण झालेच पाहिजे. पण संरक्षणाचा भुर्दंड एकट्या जुन्नरच्या माणसाने का भरावा? लाभ साऱ्या देशाचा असेल तर भरपाईही देशाने केली पाहिजे. मार्ग वळला तर या तालुक्यांना जोडणारी दुसरी चांगली सोय कोणती, कधीपर्यंत आणि कोणाच्या खर्चाने, हे सरकारने लेखी सांगितले पाहिजे. कोणत्या अंतरावर किती उपद्रव होतो याची मोजणी मराठीत छापून ग्रामसभेपुढे ठेवली पाहिजे. ज्या विज्ञानाचा पाया खुल्या नोंदीवर आहे, त्याच्या नावाने घेतलेला निर्णय बंद खोलीत कसा होऊ शकतो?

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात स्क्वेअर किलोमीटर ॲरे ही जगातील सर्वांत मोठी रेडिओ वेधशाळा उभी राहत आहे. भारत तिचा भागीदार आहे आणि त्यासाठी सरकारने १२५० कोटी रुपयांना मान्यता दिली आहे. ऑस्ट्रेलियातील जागा वजारी यमाजी या मूळनिवासी लोकांची पारंपरिक भूमी. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांच्याशी रीतसर जमीनवापर करार झाला. वेधशाळेला त्यांच्या भाषेत नाव दिले, ‘इन्यारीमान्हा इल्गारी बुंदारा’, म्हणजे आकाश आणि तारे वाटून घेणे. आपला पैसा जेथे जातो तेथे संमतीचा करार होतो, मग आपल्याच खोडदला संवाद का होऊ नये?

दुसरा भाग आणखी गंभीर आहे. जमिनीवरच्या माणसाला बंधने आहेत, पण डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहांना काय? इंटरनेट पुरवणारे हजारो उपग्रह आता आकाशात आहेत. ठरवून दिलेल्या वाहिन्यांशिवाय त्यांच्या विद्युत यंत्रणेतून नकळत रेडिओ गळतीही होते. नेदरलँड्समध्ये मुख्य केंद्र असलेल्या लोफार दुर्बिणीने २०२३ मध्ये स्टारलिंकच्या उपग्रहांतून होणारी ही गळती मोजली. २०२४ मध्ये नव्या पिढीच्या उपग्रहांतून ती आधीपेक्षा ३२ पटींपर्यंत जास्त असल्याचे नोंदवले. ही गळती ज्या वारंवारतांवर आहे, त्यांतच जीएमआरटीही ऐकते. अशा नकळत गळतीवर आंतरराष्ट्रीय नियमांचा पुरेसा लगाम नाही, असे हेच संशोधक सांगतात. म्हणजे खोडदच्या शेजारच्या छोट्या उद्योजकाला नियम आणि अब्जाधीशाच्या उपग्रहाला मोकळे आकाश! २०२५ मध्ये या कंपनीला भारतात सेवेचा परवाना मिळाला. खेड्यापाड्यात इंटरनेट पोहोचावे, त्याला विरोध नाही. पण परवान्याच्या अटींत गळतीची मर्यादा आणि जीएमआरटीवरून जाताना पाळायचे नियम घातले आहेत का, हे सरकारने जाहीर करावे. नियम असेल तर सर्वांना सारखा. समतेचा अर्थ आकाशातही बदलत नाही.

शेवटी नेहमीचा प्रश्न. यातून भाकरी मिळते का? दूरच्या क्वेसारांकडे पाहून, याच पद्धतीने पृथ्वीच्या फिरण्यातील सूक्ष्म फरक आणि खंडांचे वर्षाला काही सेंटिमीटर सरकणे मोजले जाते. त्या मोजमापाशिवाय मोबाइलमधला नकाशा रस्ता नीट दाखवणार नाही. पण हे उत्तर मी दुय्यम मानतो. ज्यांना शतकानुशतके प्रश्न विचारू दिले नाहीत, त्यांनी केवळ भाकरीपुरतेच विज्ञान मागावे, हे मला मान्य नाही. विश्व कसे आहे हे जाणण्याचा हक्कही आपलाच आहे.

आणि तो हक्क वापरण्याची सोय आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरते. खेड्यापाड्यांतील शाळकरी मुले तेथे आपले प्रयोग मांडतात. जीएमआरटीने केलेल्या आकाशाच्या पाहणीच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. मुंबईतील खगोलशास्त्रज्ञ आनंद होता यांनी २०१३ पासून ‘रॅड ॲट होम’ हा उपक्रम चालवला आहे. त्यात साधे विज्ञान पदवीधर घरबसल्या रेडिओ चित्रे तपासायला शिकतात. या उपक्रमातून २०२५ मध्ये एका दुर्मीळ रेडिओ वर्तुळाचा शोध जाहीर झाला. वस्त्यांमधल्या अभ्यासिकांत आपण स्पर्धा परीक्षेची पुस्तके ठेवतो, ती ठेवावीतच. पण त्याच संगणकावर आठवड्यातून एक संध्याकाळ ही चित्रे उघडायला काय हरकत आहे? महाविद्यालयाच्या प्राचार्यांना निवेदन द्या, मुलामुलींची एक सहल खोडदला न्या, येताना मोबाइल बंद का करायला लावले ते मुलांनाच सांगू द्या. ज्या मुलीने तीन साक्षीदारांची घड्याळे चुकीची असूनही सत्य कसे सापडते हे एकदा समजून घेतले, तिला पुढे कोणताही बाबा, बुवा वा पुढारी ‘मी सांगतो म्हणून खरे’ असे सांगून गप्प बसवू शकणार नाही.